चीज शिकवणाऱ्या शाळा

मे महिना लागला की छिंघाय प्रांतातल्या गोलोग भागात डोंगरउतारांवर पोरं पोटावर सरपटत निघतात. गवतातून बोटाच्या पेराएवढा वर आलेला एक तपकिरी कोंब त्यांना हवा असतो. जमिनीखाली सुरवंट, त्याच्या डोक्यातून उगवलेली ही बुरशी. तिबेटी लोक तिला यार्त्सा गुनबू म्हणतात, उत्तराखंडात ती कीडाजडी. कोंब दिसला की छोट्या कुदळीने भोवतीचं ढेकूळच उचलायचं आणि माती बोटांनी अलगद झाडायची, कारण कोंब आणि अळी एकमेकांपासून तुटली की भाव पडला. चिनी औषधबाजारात उत्तम मालाची किंमत सोन्याशी लावून सांगितली जाते. या कामात पोरं मोठ्यांना मागे टाकतात, कारण नजर तीक्ष्ण आणि उंची कमी. कित्येक शाळा तर या हंगामात सुट्टीच देऊन टाकतात.

तिबेटी पठारावरच्या खेड्यात मुलांना हातचं कौशल्य शिकवायला निघालेल्या माणसाची पहिली गाठ या कोंबाशी पडते. वर्षभराच्या रोकडीतला मोठा वाटा काही आठवड्यांत हाती येत असेल, तर पोराला करवत धरायला कोण पाठवील?

याच गोलोगमध्ये, पीत नदीच्या काठी राग्या नावाचं गाव आणि मठ आहे. तिथल्या जिग्मे ग्याल्त्सेन या भिक्षूने 1994 मध्ये शाळा काढली. विद्यार्थी बहुतेक पशुपालकांची मुलं, वयं लहानमोठी, काही तर भिक्षूच. तिबेटी भाषा हा शाळेचा कणा. जोडीला इंग्रजी, संगणक, तिबेटी वैद्यक, पुढे चित्रपट तयार करण्याचं तंत्रसुद्धा. मठात तत्त्वज्ञान शिकताना दोघं समोरासमोर येतात. उभा असलेला टाळी वाजवून प्रश्न फेकतो आणि बसलेल्याने उत्तर द्यायचं. ही वादाची पद्धत जिग्मे यांनी शाळेच्या विषयांना लावली. माझ्या मते त्यांचं खरं धाडस हेच. परदेशी मदत मिळवून संगणक आणणारे पुष्कळ भेटतात. घरातली जुनी पद्धत नव्या विषयाला जुंपणारे विरळा.

शाळा चालवायची तर पैसा लागतो, आणि मुलांच्या घरी मुबलक असलेली वस्तू एकच, ती म्हणजे दूध. याकची मादी द्री. ती दूध थोडंच देते, उन्हाळ्यात दिवसाला लिटर-दोन लिटर, पण त्याची स्निग्धता आपल्या म्हशीच्या दुधाची आठवण करून देते. हे दूध घुसळून लोणी काढायचं, उरलेलं ताक उकळून फाडायचं आणि चोथा उन्हात वाळवून छुरा करायचा, हे घरोघरच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या येतं. लोणी चहात आणि मठातल्या दिव्यांत जातं, छुरा सातूच्या पिठाबरोबर खाल्ला जातो. जिग्मे यांनी या साखळीला आणखी एक कडी जोडली. शाळेशी संलग्न दुग्धशाळा काढून पशुपालकांचं दूध विकत घ्यायचं आणि त्याचं युरोपीय पद्धतीचं, महिनोन्‌महिने मुरवलेलं चीज करायचं. इटलीतल्या 'स्लो फूड' या चळवळीने या चीजची दखल घेऊन त्याला आपल्या संरक्षित पदार्थांत स्थान दिलं.

इथे थोडी शंका काढायला हवी. मुरवलेलं चीज खुद्द तिबेटी माणूस खात नाही. त्याचं गिऱ्हाईक दूरच्या शहरातलं किंवा त्याहून दूरच्या देशातलं, आणि डोंगरातून तिथवर माल पोचवणं दूध काढण्याहून अवघड. गावात न खपणाऱ्या मालावर गावचं शिक्षण उभं करणं हा जुगार होता. त्यातल्या त्यात जमेची बाजू अशी की धंदा बसला तरी मुलांच्या आयांना लोणी आणि छुरा करता येतच होता.

गंमत म्हणजे, शेकडो मैल दूर, सर्वस्वी वेगळ्या माणसांनी काढलेली दुसरी एक शाळाही चीजपाशीच येऊन पोचली. साब्रिये टेनबर्केन ही जर्मन बाई लहानपणीच दृष्टी गमावलेली. बॉन विद्यापीठात तिबेटविद्या शिकताना 1992 मध्ये त्यांनी तिबेटी लिपीसाठी ब्रेल तयार केली आणि 1998 मध्ये पॉल क्रोनेनबर्ग या डच सहकाऱ्यासह ल्हासात अंध मुलांची शाळा सुरू केली. उंचीवरचं प्रखर ऊन, घरातला शेणीचा धूर आणि उपचारांची वानवा यांमुळे पठारावर दृष्टी जाणाऱ्यांचं प्रमाण मोठं. वर हे पूर्वजन्मीच्या पापाचं फळ मानून मूल कोपऱ्यात बसवून ठेवण्याची रीत. त्यांच्या 'ब्रेल विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने मोठ्या मुलांसाठी शिगात्सेजवळ शेतीकेंद्र उभारलं. तिथे भाजीपाला, जनावरं, विणकाम आणि चीज.

चीज अंधांना का जमावं, हे कृती पाहिली की कळतं. कोमट दुधात विरजण आणि रेनेट घातल्यावर ते घट्ट होतं. कापायची वेळ झाली की नाही, हे कसलेला कारागीर बोटानेच ठरवतो: बोट तिरकं खुपसून वर उचलायचं, चीर स्वच्छ पडली आणि फटीत निवळी साठली की सुरी लावायची. पुढे मुरण्याच्या काळात साल चाचपायची, वास घ्यायचा. डोळ्यांचं काम त्यात कमीच. मालिशच्या धंद्याचंही तेच, आणि चीनमध्ये तो अंधांचा म्हणून आधीपासून मान्य असल्याने ल्हासाच्या मुलांना त्यात लवकर पाय रोवता आले.

टेनबर्केन एका मुलाची गोष्ट सांगतात. मोठेपणी टॅक्सी चालवणार, असं तो म्हणायचा. शिक्षकांनी त्याला खोडून काढलं नाही. पुढे तो आपणच म्हणाला, अंध असल्याने गाडी चालवता येणार नाही, पण टॅक्सीची कंपनी चालवता येईल. 2009 मध्ये टेनबर्केन आणि क्रोनेनबर्ग यांनी तिरुअनंतपुरमजवळ 'कंथारी' ही संस्था काढली. समाजकार्य उभारू पाहणाऱ्या देशोदेशीच्या माणसांना तिथे शिकवलं जातं.

राग्याची शाळा 2024 च्या जुलैत बंद करण्यात आली. शाळेने नुकतीच तिशी गाठली होती. ती व्यावसायिक शाळा म्हणूनच नोंदलेली होती, आणि पशुपालकांना हातचा धंदा शिकवावा हे तर सरकारचंही धोरण. पण कुरणं राखण्याच्या नावाखाली कळप सोडून वसाहतींत आणलेल्या कुटुंबांसाठी जी प्रशिक्षणं निघतात, त्यांत भर वाहन चालवणं, स्वयंपाक, बांधकाम यांवर असतो. ही कामं मुलाला शहराकडे नेतात. त्यांना गवत लागत नाही, द्री लागत नाही. राग्याच्या दुग्धशाळेला मात्र डोंगरात तंबू टाकून पहाटे दूध काढणारं कुटुंब जागेवर राहायला हवं होतं, आणि दुधाचा हिशेब तिबेटीत लिहिणारा त्याच कुटुंबातला मुलगा.