चढावर गाडी आचके का देते? टर्बो इंजिन, ठिणगी आणि बिघाड शोधण्याची रीत

गडचिरोलीहून धानोरा सुमारे ३५ किलोमीटर. तिथून हाच रस्ता मुरूमगावमार्गे छत्तीसगडच्या हद्दीत शिरतो. दोन्ही बाजूंना जंगल, अधूनमधून चढ आणि बराच वेळ वस्ती नाही. सपाटीला मुकाट्याने चालणारी पेट्रोल गाडी अशा रस्त्यावर चढ लागताच किंवा ट्रकला मागे टाकताना आचके देऊ लागली, तर चालकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. गाडी पुढे न्यायची का? आणि बिघाड नेमका कुठे आहे? गॅरेजच्या भाषेत या दुखण्याला 'मिसिंग' म्हणतात. आता छोट्या पेट्रोल गाड्यांतही टर्बो आला आहे. त्यामुळे या जुन्या दुखण्याचे कारण शोधण्याची रीत थोडी बदलली आहे.

मिसिंग म्हणजे काय होते?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ही ठिणगी पडावी लागते. त्यातली काही वेळा ती पडली नाही, की तेवढे मिश्रण न जळताच बाहेर जाते आणि गाडीला झटका बसतो. तीन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर पूर्ण बंद पडला, तर इंजिनाची तिसऱ्या हिश्श्याची ताकद जाते.

मग सपाटीवर ते का जाणवत नाही?

याचे उत्तर दाबात आहे. प्लगच्या दोन टोकांमध्ये बारीक फट असते. ती ओलांडायला बॅटरीचे १२ व्होल्ट पुरत नाहीत. इग्निशन कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करते. आजच्या कॉइल ३० हजार व्होल्टच्याही पुढे जाऊ शकतात. सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितकी ठिणगीला फट ओलांडणे अवघड आणि तितके जास्त व्होल्टेज लागते.

टर्बो नेमका हाच दाब वाढवतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो हवा कोंबून आत पाठवतो. सपाटीवर हलक्या पायाने गाडी चालवताना टर्बोला फारसे काम नसते, त्यामुळे थकलेली कॉइल किंवा झिजलेला प्लगही वेळ मारून नेतो. चढावर अॅक्सिलरेटर दाबला, की बूस्ट येतो, दाब वाढतो आणि तीच कॉइल हात टेकते. ठिणगीची खरी परीक्षा भाराखालीच होते. म्हणूनच टर्बो इंजिनात प्लगची फट बहुधा लहान, ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. बिनटर्बोच्या अनेक इंजिनांत ती १ मिलिमीटर किंवा थोडी जास्त असते. वापरानुसार प्लगचे टोक झिजते, फट रुंदावते आणि आधी बूस्टमध्येच त्रास सुरू होतो.

पावसाळ्यात त्रास का वाढतो?

कॉइल आणि प्लग यांना जोडणारा रबरी बूट उष्णतेने कडक होऊन तडकतो. हवा दमट असली किंवा पाणी आत गेले, की वीज प्लगच्या टोकापर्यंत जाण्याऐवजी त्या तड्यातून जवळच्या धातूकडे पळते. प्लग बाहेर काढल्यावर पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली गेलेली काळसर रेघ दिसली, तर वीज तिथूनच निसटते आहे असे समजावे.

गावाकडे आणखी एक कारण आढळते. पावसात उबेला आलेले उंदीर बॉनेटखाली शिरतात, वायरी कुरतडतात, एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात. पार्ट बदलण्याआधी बॉनेट उघडून एकदा नीट पाहिले, तर मोठा खर्च वाचू शकतो.

दोष ठिणगीचा की पेट्रोलचा?

दोन्हींत गाडी अडखळते, पण अडखळण्याची तऱ्हा वेगळी असते. ठिणगी चुकली, की तुटक, कडक झटका बसतो आणि क्षणात गाडी पूर्ववत होते. पेट्रोल कमी पडत असेल, तर गाडी मरगळते. पाय दाबावा तितकी ती जड होत जाते. टर्बोनंतरचा हवेचा पाइप फाटला किंवा त्याचा क्लॅम्प सुटला असेल, तर झटके कमी आणि फुसफुस आवाज जास्त येतो; गाडी पिकअपच घेत नाही.

त्रास कधी सुरू झाला, हेही महत्त्वाचे. टाकी भरल्यानंतर लगेच सुरू झाला, तर पेट्रोलमध्ये पाणी असण्याची शक्यता आधी तपासावी. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेले, की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप पेट्रोल तळातूनच ओढतो. बाटलीतून सुटे मिळणारे पेट्रोल किती दिवस, कशात ठेवले होते हे ग्राहकाला कळत नाही. पंप जवळ नसलेल्या भागात ही शंका पहिल्यांदा घ्यावी.

डिझेल जीपला मात्र ही ठिणगीची कथा लागू नाही. तिच्यात स्पार्क प्लगच नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. टर्बो डिझेल गाडी चढावर दम टाकत असेल, तर डिझेल फिल्टर, त्यातले पाणी आणि टर्बोचे पाइप या क्रमाने पाहावे.

बिघाड शोधायचा कसा?

चांगला मेकॅनिक आधी विचारतो: झटका थंड इंजिनात येतो की गरम? उभ्या गाडीत की चढावर? पावसातच की कायम? त्यानंतर स्कॅनर लावायचा. 'पी०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, 'पी०३०२' म्हणजे दुसऱ्यात. 'पी०३००' म्हणजे मिसिंग एका ठरावीक सिलिंडरपुरते नाही; तेव्हा कॉइलपेक्षा पेट्रोल, हवेची गळती अशा सामाईक गोष्टींकडे पाहावे.

कोड सिलिंडर सांगतो, खराब पार्ट सांगत नाही. त्यासाठी अदलाबदलीची सोपी चाचणी आहे. इंजिन बंद करून पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर बसवायची, कोड पुसायचा आणि गाडी पुन्हा त्याच चढावर न्यायची. आता 'पी०३०२' आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल बदला. पुन्हा 'पी०३०१' आला, तर कॉइल निर्दोष आहे. मग प्लगची अदलाबदल करून तीच चाचणी घ्यायची. तरीही कोड जागचा हलला नाही, तर वायरिंग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासायचे. या चाचणीला खर्च जवळपास नाही. कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपसाठी चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागणाऱ्या गाडीमालकाला ती फार उपयोगी आहे.

बाहेर काढलेला प्लगही बोलतो. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे ठिणगीच पडली नाही. तेलकट प्लग म्हणजे इंजिन ऑइल आत येते आहे. पांढरे, फोड आल्यासारखे टोक म्हणजे अति उष्णता. तपकिरी किंवा राखाडी रंग ठीक.

चालू इंजिनावर एकेक कॉइल किंवा वायर उपटून पाहण्याची जुनी सवय मात्र सोडावी. त्यात जोराचा झटका बसू शकतो आणि कॉइलही जळू शकते.

रोटरी इंजिनातून मिळणारा धडा

दाबाखाली ठिणगीची किती ओढाताण होते, हे टर्बो रोटरी गाडीत सर्वात ठळक दिसते. जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नसतात. त्रिकोणी रोटर गोल फिरतो. जपानच्या माझदा कंपनीची १९९१ ते २००२ या काळातली आरएक्स-७ ही दोन रोटर आणि दोन टर्बोंची गाडी. तिची मिश्रण जळण्याची जागा लांबट, चपटी आणि सरकती असल्याने एका ठिणगीने सगळे मिश्रण वेळेत पेटत नाही. म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात. १९९१ मध्ये ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझदाच्या रोटरी गाडीत तर रोटरमागे तीन प्लग होते.

दोनांपैकी मुख्य प्लग गेला, तर इंजिन लगेच अडखळते. दुसरा गेला, तर हळू चालवताना कळतही नाही. पूर्ण बूस्टमध्ये मात्र ताकद कमी पडते. या इंजिनात सील ओले राहावेत म्हणून थोडे ऑइल मुद्दाम जाळले जाते, त्यामुळे प्लग लवकर काळे होतात. आणि बूस्टमध्ये मिश्रण भलत्या वेळी भडकले, तर रोटरच्या टोकाचे सील तुटून इंजिन उघडावे लागते. म्हणून असे झटके आले, की जाणकार चालक पाय दाबून ते पार करू पाहत नाही, पाय उचलतो. साध्या टर्बो गाडीलाही हेच लागू आहे.

जंगलात याचे महत्त्व अधिक का?

न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गावरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. तो एरवीही शेकडो अंश सेल्सिअस तापलेला असतो; सततच्या मिसिंगमध्ये लालबुंद होऊन आतून वितळू शकतो. गडचिरोली जिल्ह्याचे सुमारे ७६ टक्के क्षेत्र वनाखाली आहे. मार्च ते मे या काळात, मोहफुले आणि तेंदूपानांच्या हंगामात, रस्त्याकडेला वाळलेल्या पानांचा थर असतो. अशा पाचोळ्यावर तापलेली गाडी उभी केली, तर आग लागू शकते.

चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटला असेल, तर बूस्ट टाळून, हलक्या पायाने गॅरेजपर्यंत जाता येते. तो लुकलुकत असेल, तर मिसिंग कन्व्हर्टरला घातक ठरण्याइतके वाढले आहे. पाय उचलावा. तरी दिवा लुकलुकतच राहिला, तर पाचोळा नसलेली मोकळी जागा किंवा मुरमाचा पट्टा पाहून गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे आणि मदत बोलवावी. एका कॉइलचा खर्च कन्व्हर्टरच्या खर्चापुढे फारच थोडा असतो.