लिनक्स टॅबलेटवर चौदा दिवस: ‘मस्त आहे’ म्हणण्याआधी काय तपासलं?

पीएचडीला प्रवेश नक्की झाला, की विषय आणि गाइड यांच्या खालोखाल एक प्रश्न हमखास येतो: ‘लॅपटॉप घेऊ की टॅबलेट?’ आणि प्रयोगशाळेत सगळे लिनक्स वापरत असतील तर पुढचा: ‘लिनक्सचा टॅबलेट मिळतो का हो?’

मिळतो. मी गेले दोन आठवडे तोच वापरतोय. पण या लेखात मला टॅबलेटबद्दल जितकं सांगायचंय तितकंच ‘पहिलं मत’ या गोष्टीबद्दलही सांगायचंय. कारण पहिल्या दोन दिवसांच्या मतावर विसंबून मी एक चूक करणारच होतो.

माझा लॅपटॉप सहा वर्षांचा. वजन सव्वादोन किलो, एका बाजूची बिजागरी तुटलेली. रोज बसमध्ये तो पाठीवर घेऊन उभं राहायचा कंटाळा आला, म्हणून एक जुना टॅबलेट १९ हजारांना घेतला. इंटेल प्रोसेसर, आठ जीबी रॅम, सुटा होणारा कीबोर्ड आणि पेन. त्यावरचं विंडोज काढून फेडोरा लिनक्स टाकलं. पहिले दोन दिवस हवेत होतो! आमच्या विभागातला एक ज्युनियर माझा जुना लॅपटॉप १२ हजारांना मागत होता. त्याला ‘उद्या ये, घेऊन जा’ म्हणायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात टेबलावर चिकटवलेला एक कागद दिसला. टॅबलेट हातात यायच्या आधीच मी त्यावर सात कामं लिहून ठेवली होती. दोन दिवसांत त्यातली दोनच झाली होती.

आधी एक गैरसमज दूर करू

‘अँड्रॉइडही लिनक्सच ना?’ असं तुम्ही म्हणाल. अर्धं खरं आहे. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं लिनक्स हे मुळात कर्नल आहे, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामधला थर. अँड्रॉइड तेच कर्नल वापरतं, पण त्याच्या वरचा सगळा डोलारा वेगळा आहे. आपण विभागाच्या सर्व्हरवर ज्याला ‘लिनक्स’ म्हणतो, त्यात टर्मिनल, पॅकेज मॅनेजर, पायथन, लाटेक, गिट हे सगळं येतं. लिनक्स टॅबलेटवर हे जसंच्या तसं मिळतं. सर्व्हरवर चालणारी माझी स्क्रिप्ट एक अक्षरही न बदलता इथे चालली. संशोधन करणाऱ्याला याचं आकर्षण वाटतं ते त्यासाठीच.

मग कुठल्याही अँड्रॉइड टॅबलेटवर लिनक्स का टाकता येत नाही? इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरच्या मशीनमध्ये कुठलं हार्डवेअर कुठे जोडलंय, याची माहिती मशीन स्वतःच एका ठरलेल्या पद्धतीने ऑपरेटिंग सिस्टिमला देतं. त्यामुळे एकच पेनड्राइव्ह शंभर वेगवेगळ्या मशीनवर चालतो. बहुतेक अँड्रॉइड टॅबलेटमध्ये एआरएम प्रोसेसर असतो. तिथे प्रत्येक मॉडेलसाठी हार्डवेअरचा स्वतंत्र नकाशा कर्नलला द्यावा लागतो, आणि पुष्कळदा बूटलोडरही कुलूपबंद असतो. लिनक्ससकट येणारे एआरएम टॅबलेट आहेत, उदाहरणार्थ २०२३ मध्ये आलेला पाइनटॅब-२. पण घरातला जुना अँड्रॉइड टॅबलेट घेऊन ‘यावर लिनक्स टाकतो’ म्हणून बसलात, तर महिना कुठे गेला ते कळणार नाही.

माझी सात कामं

यादीतल्या प्रत्येक कामापुढे ‘पास’ कधी म्हणायचं तेही आधीच लिहिलं होतं. नंतर ठरवलं की आपण निकष हळूच सैल करतो, म्हणून.

१. एक शोधनिबंध पूर्ण वाचणं, पेनाने समासात टिपणं काढणं आणि ती पीडीएफ गाइडला पाठवणं.
२. सर्व्हरला एसएसएचने जोडून काम लावणं.
३. एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या वीस फाइलींचे आलेख टॅबलेटवरच काढणं.
४. अर्ध्या तासाची ऑनलाइन बैठक: कॅमेरा, माइक आणि स्क्रीन शेअर, तिन्ही चालू.
५. मराठीत एक पान टाइप करणं.
६. रात्री झाकून ठेवल्यावर सकाळी निदान ९० टक्के बॅटरी शिल्लक.
७. बँक आणि यूपीआयचे व्यवहार.

जे जमलं

पहिलं काम इतकं छान झालं की त्यावरच मी भाळलो होतो. झर्नल प्लस प्लस या प्रोग्रॅममध्ये पीडीएफ उघडायची आणि वहीत लिहावं तसं लिहायचं. पेनाचा दाब ओळखला जातो, आणि पेन जवळ असताना तळहात टेकला तरी रेघ उमटत नाही. एक सूचना: हा प्रोग्रॅम तुमची टिपणं आपल्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि मूळ पीडीएफचा फक्त पत्ता लक्षात ठेवतो. मूळ पीडीएफ दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलीत तर टिपणांना पाठीमागचं पान सापडत नाही. पाठवायची प्रत नेहमी ‘एक्स्पोर्ट’ करून घ्या.

दुसरं कामही पास. टीमक्स वापरलंत तर सर्व्हरवर लावलेलं काम बसमध्ये नेटवर्क तुटलं तरी चालूच राहतं. पुन्हा जोडलं की जिथे होतं तिथे दिसतं.

मराठीचं थोडं मिश्र आहे. सेटिंगमध्ये मराठी जोडल्यावर जोडकीबोर्डवर इनस्क्रिप्ट लगेच चालू झालं. एक पान आरामात टाइप झालं. पण कीबोर्ड काढून पडद्यावरच्या कीबोर्डवर आलं, की माझ्याकडे देवनागरीच नव्हती. म्हणजे ‘टॅबलेट’ म्हणून वापरताना नापास, ‘छोटा लॅपटॉप’ म्हणून पास. कागदावर दोन्ही लिहिलं.

‘चालत नाही’ हे निरीक्षण नव्हे

तिसऱ्या कामात पहिली ठेच लागली. आलेख निघाले, पण स्क्रिप्ट लागोपाठ चालवल्यावर पहिल्यांदा ४८ सेकंद लागले आणि पाचव्यांदा ७१. स्क्रिप्ट तीच, डेटा तोच. टॅबलेटच्या पाठीला हात लावला आणि उत्तर मिळालं. आत पंखा नाही. तापमान वाढलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. खात्री करायची म्हणून वीस मिनिटं थांबून पुन्हा चालवली: ४९ सेकंद. म्हणजे दोष पायथनचा नाही, लिनक्सचाही नाही. पंखा नसलेलं कुठलंही पातळ मशीन असंच वागेल.

चौथ्या दिवशी मित्राला बसवून बैठकीची तालीम केली. माइक चालला. स्क्रीन शेअर करताना कुठली खिडकी दाखवायची ते दरवेळी विचारलं गेलं, पण चाललं. कॅमेरा मात्र ‘सापडला नाही’.

इथे बहुतेक जण ‘लिनक्सवर कॅमेरा चालत नाही’ असं म्हणून मोकळे होतात. थांबा. हे वाक्य चार वेगवेगळ्या गोष्टींबद्दल असू शकतं: हार्डवेअर बिघडलंय, ड्रायव्हर नाही, ॲपला परवानगी नाही, किंवा आपणच चुकीचं बटण दाबतोय. कुठली ते शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी विभागातला साधा यूएसबी वेबकॅम जोडला. लगेच चित्र आलं. म्हणजे ब्राउझर, परवानगी आणि मी, तिघेही निर्दोष. टॅबलेट घेतला त्या दिवशी विंडोजवर कॅमेरा चालताना पाहिला होता, म्हणजे हार्डवेअरही ठीक. उरला ड्रायव्हर.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. यूएसबी वेबकॅम चित्र स्वतः तयार करतो आणि एका सर्वमान्य पद्धतीने पाठवतो. अनेक टॅबलेटमध्ये मात्र कॅमेऱ्याचा सेन्सर थेट प्रोसेसरला जोडलेला असतो आणि तो कच्चा डेटा देतो. त्यातून रंग काढणं, उजेड ठरवणं, पांढरा रंग पांढरा दिसेल असं करणं, हे सगळं सॉफ्टवेअरने आणि प्रोसेसरमधल्या वेगळ्या भागाने करायचं असतं. शिवाय प्रत्येक सेन्सरचं कॅलिब्रेशन वेगळं. लिबकॅमेरा हा प्रकल्प लिनक्सवर नेमकं हेच काम करतो, पण त्यात प्रत्येक मॉडेलची पाळी यावी लागते. माझ्या टॅबलेटची अजून आलेली नाही.

झोपेचा हिशोब

सहाव्या कामाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. पहिल्या रात्री टॅबलेट १०० टक्क्यांवर झाकून ठेवला, आठ तासांनी ७९. पुढच्या दोन रात्री ७६ आणि ८१. सरळ नापास.

जुन्या लॅपटॉपच्या गाढ झोपेत रॅम सोडून जवळपास सगळ्यांची वीज तोडली जाते. नव्या पातळ मशीनमध्ये पुष्कळदा ती सोय नसते. तिथे प्रत्येक भागाने आपापलं डुलकी घ्यायचं असतं. एक जरी जागा राहिला तरी बॅटरी झिरपत राहते. मला वाय-फायचा संशय आला. मग तीन रात्री वाय-फाय बंद करून झोपवलं: ८८, ८१, ८६.

आता सांगा, वाय-फाय दोषी का? सरासरी सुधारली आहे, ७९ वरून ८५. पण एका ‘बंद’ रात्रीचा आकडा आणि एका ‘चालू’ रात्रीचा आकडा सारखाच आहे, ८१. तीन-तीन रात्रींवर मी एवढंच म्हणू शकतो की संशयाला जागा आहे. ‘वाय-फाय बंद केलं की प्रश्न सुटतो’ असं लिहिलं तर ते माझ्या डेटापेक्षा मोठं वाक्य होईल. आणि निकष ९० चा होता, तो एकाही रात्री गाठला नाही. सध्या मी रात्री टॅबलेट सरळ बंद करतो. सकाळी सुरू व्हायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, चालतं मला.

सातवं काम नापास होणार हे अपेक्षितच होतं. यूपीआय फोनवरच करतो. वेड्रॉइड वापरून लिनक्सवर अँड्रॉइडची ॲप चालवता येतात, पण पैशांची ॲप उपकरण अधिकृत आहे का ते तपासतात, शिवाय सिमही लागतं. त्या वाटेला मी गेलोच नाही.

मग लॅपटॉपचं काय झालं?

नवव्या दिवशी माझ्या सल्लागार समितीची सहामाही बैठक होती. बाहेरचे तज्ज्ञ ऑनलाइन येणार होते. मी तुटक्या बिजागरीचा लॅपटॉप दोन जाड पुस्तकांना टेकवून उभा केला आणि सादरीकरण केलं. तिसऱ्या दिवशी तो विकला असता, तर त्या सकाळी मी विभागात लॅपटॉप उसना मागत फिरत असतो. टॅबलेट वाईट आहे म्हणून नव्हे. मी फक्त वाचन केलं होतं आणि मत मात्र सातही कामांबद्दल बनवलं होतं, म्हणून.

पहिलं मत खोटं नसतं. पेनाने निबंधावर लिहायला मजा येते हे आजही तितकंच खरं आहे. टॅबलेट आता रोज माझ्याबरोबर असतो आणि माझं वाचन वाढलंय. ते मत फक्त अपुरं होतं. प्रयोगातही असंच होतं बघा. पहिल्या नमुन्याचा आलेख सुंदर येतो, आपण मनात निष्कर्ष लिहून टाकतो, आणि उरलेले सहा नमुने ‘नंतर करू’ म्हणून कपाटात राहतात.

तुम्ही घेणार असाल तर

आधी तुमच्या एका आठवड्याकडे बघा आणि कामांची यादी करा. प्रत्येकापुढे पासचा निकष लिहा. मग गाइडला आणि सिनियर्सना विचारा की आपल्या उपकरणांचं सॉफ्टवेअर कशावर चालतं. ओरिजिनसारखं विंडोजवरच चालणारं काही रोज लागणार असेल, तर लिनक्स टॅबलेट हे एकमेव मशीन ठेवू नका.

जुना टॅबलेट बघायला जाताना लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह आणि तो जोडायला टाइप-सी अडॅप्टर घेऊन जा. काहीही इन्स्टॉल न करता अर्ध्या तासात टच, पेन, वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि पडदा फिरवणं, हे सगळं तपासून होतं. मी हे केलं नाही, मला अतिउत्साह नडला. विकणारा ‘पेनड्राइव्ह लावू नका’ म्हणाला तर ती वस्तू सोडून द्या. आणि विंडोज पुसण्याआधी त्याची रिकव्हरी प्रत काढून ठेवा.

माझा लॅपटॉप अजून माझ्याकडेच आहे. चारशे रुपयांत बिजागरी बसवून घेतली. ज्युनियरला नाही म्हणताना जरा वाईट वाटलं, पण त्याला माझ्या यादीची झेरॉक्स दिली. परवा तो तिच्यावर माझी दोन कामं खोडून स्वतःची चार लिहीत बसला होता. त्याच्या कागदावर पहिलंच काम आहे: ‘शेतावर उन्हात पडदा दिसतो का?’ तो मातीचे नमुने गोळा करतो. माझ्या यादीत हे कधीच आलं नसतं.