एक फाइल, तीन खिडक्या

पामबीच मार्गावरचे दिवे बंद पडले तर तक्रार कुणाकडे न्यायची, महापालिकेकडे की सिडकोकडे? सीवूड्समधल्या सोसायटीच्या बैठकीचा अर्धा तास या प्रश्नावर सहज खर्ची पडतो. आवाज चढतात, कुणीतरी ‘मी बघतो’ म्हणतं आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. महापालिकेच्या वाट्याला कोणती कामं येऊ शकतात, याचं मूळ राज्यघटनेत आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने भाग नऊ-अ आला. त्यातला २४३-डब्ल्यू हा अनुच्छेद नगरपालिकांच्या अधिकारांबद्दल आहे. पण तो स्वतः कामांची यादी देत नाही, बाराव्या अनुसूचीकडे पाठवतो. ही अनुसूची घटनेच्या अगदी शेवटी. तिथे अठरा विषय आहेत. पहिला नगररचना, पाचवा पाणीपुरवठा, आणि सतराव्यात रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे.

यादी वाचून माणूस खूश होतो आणि तिथेच फसतो. कारण मूळ अनुच्छेदाची वाक्यरचना अशी आहे, की राज्य विधिमंडळ कायदा करून हे अधिकार नगरपालिकेला देऊ ‘शकेल’. म्हणजे यादीत विषय आहे म्हणून तो आपोआप महापालिकेचा होत नाही. हे लक्षात यायला अनुच्छेद आणि अनुसूची एका वेळी डोळ्यांसमोर हवेत. छापील पुस्तकात एका पानात बोट अडकवून दुसरं पान उघडता येतं. पडद्यावर बोट अडकवायची सोय नाही. खाली सरकत गेलात की वरचं गेलं, वर आलात की खालचं.

लांबलचक, मथळे-उपमथळ्यांनी बांधलेल्या मजकुरात काम करणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येते. अनुवादक, वकील, वास्तुविशारद, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, सॉफ्टवेअर कंपन्यांत मॅन्युअल लिहिणारे लोक, सगळे त्यात आले. सीवूड्स, नेरूळ, बेलापूर या पट्ट्यात असल्या कामावर पोट असलेली माणसं कमी नाहीत. त्यांच्यासाठी टेक्स्ट एडिटरमध्ये एक जुनी युक्ती आहे: एकच फाइल दोन-तीन खिडक्यांतून एकाच वेळी बघायची. ऐकायला क्षुल्लक वाटते. नीट जमायला मात्र थोडी कारागिरी लागते, आणि हा लेख त्या कारागिरीबद्दल आहे.

आधी आउटलाइनचं दुखणं समजून घेऊ. आउटलाइन म्हणजे झाड. प्रत्येक गोष्टीला एकच फांदी, एकच जागा. नवी मुंबईचा पत्ता असाच आहे: नोड, त्यात सेक्टर, त्यात प्लॉट, त्यात इमारत. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि तिने कागदावर हे शहर असं उतरत्या क्रमाने मांडलं. आम्ही सीवूड्स सीवूड्स म्हणतो, पण या मांडणीत ते नेरूळ नोडचे काही सेक्टर. आणि मग या सेक्टरांच्या मधोमध दारावे, करावे ही गावं येतात. ती सिडकोच्या आधीची, त्यांची घरं कुठल्या प्लॉट क्रमांकाला विचारून उभी राहिली नव्हती. स्टेशनच्या नावात दारावे आहे, सेक्टरच्या आकड्यात नाही. झाड कितीही सुबक काढलं तरी विषय फांदी सोडून दुसऱ्या फांदीला चिकटतोच. अनुच्छेद भाग नऊ-अ मध्ये राहतो, त्याचा अर्थ मात्र बाराव्या अनुसूचीत. झाड मोडून नव्याने रचायचं, की दोन फांद्या शेजारी आणून बघायच्या? पहिल्या वाटेने गेलेले लोक आयुष्यभर मथळे हलवत बसतात. मी दुसऱ्या वाटेचा.

ही वाट संगणकावर पहिल्यांदा लख्ख दिसली ती ९ डिसेंबर १९६८ ला. सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट नावाच्या अभियंत्याने नव्वद मिनिटांचं प्रात्यक्षिक दिलं. माउस लोकांनी तिथे पाहिला म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण मला त्यातली बाजारहाटाची यादी जास्त भावते. त्याने पडद्यावर वाणसामानाची यादी केली, तिचे गट पाडले, मग पोटातला तपशील मिटवून फक्त वरचे मथळे ठेवले, पुन्हा उलगडले. पुढे पडद्याचे भागही पाडून दाखवले. मजकुराची घडी घालणं आणि पडदा विभागणं या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रात, एकाच दुपारी. त्यानंतरच्या एडिटरांनी त्यात भर घातली, पण गाभा तोच राहिला.

आपल्याकडे याच कामाचा कागदी अवतार पुण्यात झाला, आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा अवघड होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. १९२५ पासून त्याची धुरा विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे आली. केंब्रिजला गणित शिकून मग बर्लिनला संस्कृत भाषाशास्त्राकडे वळलेला हा माणूस. गणिताची शिस्त त्यांच्या पाठनोंदीच्या कागदावर दिसते. एका श्लोकाला एक कागद. कागदावर आडव्या-उभ्या रेघांच्या चौकटी. सगळ्यात वर नीलकंठी परंपरेतला प्रचलित श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. त्याखाली एकेक हस्तलिखित, आणि ज्या अक्षराशी पाठ बदलतो नेमक्या त्याच चौकटीत बदललेलं अक्षर. पोथी काश्मीरची असो की केरळची, शारदा लिपीतली असो की ग्रंथ लिपीतली, नोंद त्याच उभ्या रांगेत. पुण्याखेरीज शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही पाठ मिळवण्याचं काम चाले.

या कागदाची खुबी वरच्या ओळीत आहे. ती ओळ बरोबर आहे असा सुकथनकरांचा दावा नव्हता, उलट अनेक ठिकाणी त्यांनी ती बाद ठरवली. ती वर होती कारण काहीतरी एक जागचं हलता कामा नये. बाकी सगळं तिच्याशी ताडून बघायचं. छापील आवृत्तीतही हीच मांडणी आहे: वर स्वीकारलेला पाठ, खाली पाठभेद, लहान प्रक्षेप तारांकित करून तळाशी, मोठे प्रक्षेप परिशिष्टात. व्यासांच्या तोंडून ऐकून गणपतीने महाभारत लिहून घेतलं, ही सगळ्यांना ठाऊक असलेली कथा आदिपर्वाच्या मुख्य पाठात सापडत नाही, ती परिशिष्टात आहे. म्हणजे आदिपर्व वाचणाऱ्यालाही दोन ठिकाणं एकदम उघडी ठेवावी लागतात. काम १९६६ ला पुरं झालं, सुकथनकर ते पाहायला राहिले नव्हते, १९४३ मध्येच गेले.

आता पडद्याकडे. मी ईमॅक्स वापरतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९७६ मध्ये एमआयटीत त्याचा पाया घातला, आजचा जीएनयू ईमॅक्स १९८५ चा. म्हातारा एडिटर आहे आणि पहिल्या भेटीत कुणालाही आवडत नाही. त्यात ऑर्ग-मोड नावाचं एक अंग आहे. ॲमस्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये स्वतःच्या टिपणांसाठी ते लिहिलं. साध्या मजकुरात ओळीच्या सुरुवातीला एक तारा दिला की तो मथळा, दोन तारे दिले की उपमथळा. मथळ्यावर टॅब दाबला की घडी उघडते किंवा मिटते. घटनेची फाइल अशी केली की भाग, अनुच्छेद आणि अनुसूची यांची यादी उरते, आणि हवं तिथे खोल उतरता येतं.

कंट्रोल-एक्स आणि ३ दाबलं की पडदा उभा दुभंगतो, २ दाबलं की आडवा. दोन्ही खिडक्यांत तीच फाइल. इथवर कुणीही पोचतं, आणि इथेच बहुतेक जण कंटाळून परत फिरतात. डावीकडे फक्त मथळे ठेवावेत म्हणून घडी घातली की उजवीकडचा उघडा मजकूरही मिटतो. उजवीकडे उलगडलं की डावीकडची यादी फुगते. ईमॅक्समध्ये घडी खिडकीची नसते, मजकुराची असते, आणि मजकूर तर एकच. विम या दुसऱ्या एडिटरमध्ये असं होत नाही. तिथे प्रत्येक खिडकी आपल्या घड्या स्वतः सांभाळते, २००१ च्या सहाव्या आवृत्तीपासून. या एका बाबतीत विमवाल्यांनी आम्हाला हसावं, हक्क आहे त्यांचा.

ईमॅक्सचं उत्तर थोडं लांबून येतं, पण आलं की पुरून उरतं. कंट्रोल-एक्स, ४, सी. त्याने त्याच मजकुराचं दुसरं रूप उघडतं: अक्षरं सामाईक, घड्या स्वतंत्र. एका ठिकाणी शब्द बदलला तर दुसरीकडे तत्क्षणी बदलतो, पण एका ठिकाणी मिटलेलं दुसरीकडे उघडं राहू शकतं. ऑर्ग-मोडमध्ये याहून सोयीची कळ आहे: कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, बी. कर्सर ज्या मथळ्यावर असेल तेवढीच फांदी वेगळ्या खिडकीत येते, बाकीची फाइल तिथून दिसेनाशी होते. बारावी अनुसूची अशी उचलून शेजारी ठेवली की हजारो ओळींच्या फाइलमधून अठरा ओळी उरतात. चुकून स्क्रोल झालं तरी कुठे हरवायला जागाच नाही.

माझी मांडणी तीन खिडक्यांची. डावीकडे अरुंद पट्टी, त्यात फक्त मथळे. उजवीकडे वर मोठी खिडकी, तिथे हात चालतो. उजवीकडे खाली बुटकी खिडकी, जिचा मजकूर हलवायचा नाही. परिभाषेची यादी असेल, व्याख्यांचं कलम असेल, किंवा ज्याच्याशी ताडून बघायचं ते वाक्य. खिडक्या किती, याला फारसं महत्त्व नाही. मी चार-पाच खिडक्या उघडून बसणारे पाहिलेत. त्यातल्या सगळ्याच सरकत असतात आणि कुठली कशासाठी उघडली हे त्यांनाही आठवत नाही. खालची खिडकी जागची हलली नाही तरच वरच्या खिडकीत भटकायची मोकळीक मिळते. ईमॅक्सच्या तिसाव्या आवृत्तीत तर खिडकीला कुलूपच लावता येतं, म्हणजे दुसरी फाइल आगंतुकासारखी तिच्यात घुसत नाही.

मराठीत काम करताना या मापांना थोडी मुरड घालावी लागते. देवनागरीला वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, म्हणून ओळीला उंची जास्त लागते. चौदा इंची लॅपटॉपवर इंग्रजीच्या जितक्या ओळी बसतात तितक्या मराठीच्या बसत नाहीत. म्हणून आडवा दुभंग महाग पडतो, खालच्या खिडकीला सहा-सात ओळींपेक्षा जास्त देऊ नये. उलट उभा दुभंग परवडतो. शिवाय ईमॅक्समध्ये फॉलो-मोड आहे. दोन उभ्या खिडक्या शेजारी असल्या की डावीकडची ओळ जिथे संपते तिथून पुढची उजवीकडे सुरू होते, वर्तमानपत्राच्या स्तंभांसारखी. उंचीची तूट रुंदीने भरून निघते. एक रड मात्र आहे. ऑर्ग-मोडचे तक्ते अक्षरांची रुंदी समान धरून रेघा आखतात, आणि जोडाक्षरं ती समजूत पाळत नाहीत. मराठी तक्त्याच्या उभ्या रेघा दारू प्यायल्यासारख्या झुलतात. मी तक्ते करणंच सोडलं.

अक्षरं नीट जुळण्यासाठी हार्फबझ हे इंजिन २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्समध्ये आहे. त्याआधीही देवनागरी दिसत असे, पण आता जोडाक्षरांची काळजी उरली नाही. टंकनासाठी इनस्क्रिप्ट आतच आहे, कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की चालू-बंद. अट एकच, मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या फाइल इथे आणल्या की मथळेही इंग्रजी चिन्हांची रांगोळी होऊन येतात, आणि महाराष्ट्रातल्या छापखान्यांत असल्या फाइलींचे ढीग पडून आहेत.

सकाळी मांडलेल्या खिडक्या संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. कुणाचा तरी मेल येतो, दुसरी फाइल उघडते, सगळं विस्कटतं. त्यासाठी मांडणी नाव देऊन साठवायची: कंट्रोल-एक्स, आर, डब्ल्यू, आणि एखादं अक्षर. परत हवी तेव्हा आर, जे आणि तेच अक्षर. ‘ए’खाली अनुवादाची मांडणी, ‘बी’खाली तपासणीची. ईमॅक्स बंद केलं की ही साठवण जाते, त्यासाठी वेगळी सोय करावी लागते. ती करायला बसलात तर दिवस गेला समजा. ईमॅक्सवाल्यांचे किती दिवस असे गेलेत त्याची गणती नाही.

हे सगळं वाचून कुणी ईमॅक्सच्या वाटेला जावं असा माझा आग्रह नाही. ज्यांच्या पडद्यावर वर्ड आहे, आणि सोसायट्यांच्या सचिवांपासून वकिलांपर्यंत बहुतेकांच्या तो आहेच, त्यांनाही तीन खिडक्या मिळतात. डावीकडची मथळ्यांची पट्टी म्हणजे नॅव्हिगेशन पेन, वर्ड २०१० पासून. ती भरलेली दिसायची तर मथळ्यांना हेडिंग स्टाइल द्यावी लागते. नुसता ठळक टाइप आणि मोठा आकार देऊन केलेला मथळा तिला कळत नाही, आणि आपल्याकडच्या दहातल्या नऊ फाइलींत मथळे तसेच असतात. पडदा आडवा कापायला व्ह्यू मेनूत स्प्लिट आहे. त्याच्याच आसपास न्यू विंडो आहे, जे फारसं कुणी दाबत नाही. दाबलं की तीच फाइल दुसऱ्या खिडकीत उघडते, नावापुढे १ आणि २ असे आकडे येतात. ते आकडे बघून दोन प्रती झाल्या अशी लोकांची समजूत होते, आणि चुकीची प्रत जतन होईल या धास्तीने ते दुसरी खिडकी लगेच बंद करतात. प्रत एकच असते. जतन कुठूनही केलं तरी दोन्हीकडचं होतं.