गिअर नसलेल्या स्कूटरची गोष्ट

दापोडी स्टेशनच्या जिन्याच्या पायऱ्या मी लहानपणी कितीतरी वेळा मोजल्या असतील. आत्याबरोबर तो जिना चढायचा म्हणजे मोजायला वेळच वेळ असे. बालपणी झालेल्या पोलिओमुळे तिच्या डाव्या पायात बळ नव्हते. कॅलिपर लावून ती चालत असे. पिंपरीला एका कारखान्याच्या हिशेब खात्यात तिची नोकरी होती. दापोडी, कासारवाडी, पिंपरी असा जवळचाच प्रवास. पण लोकलपेक्षा जिनाच तिला लांब वाटे.

आमच्या घरी वडिलांची गिअरची स्कूटर होती. ती सकाळी एका बाजूला तिरकी करायची, मग किक मारायची, डाव्या हाताने क्लच दाबून तीच मूठ पिरगाळायची आणि गिअर टाकायचा. उजव्या पायाने किक मारताना शरीराचा सगळा भार डाव्या पायावर येतो. आत्याच्या दृष्टीने प्रश्न तिथेच संपत होता.

सन १९९२ मध्ये तिने साठवलेल्या पैशांतून कायनेटिक होंडा घेतली आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस दोन लहान चाके बसवून घेतली. अशा जोडचाकांच्या कायनेटिक होंडा त्या काळी महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसत. माझे वडील एसटीच्या दापोडी येथील मध्यवर्ती कार्यशाळेत फिटर. दंतचक्रांवर त्यांची श्रद्धा. त्यांनी एका रविवारी स्कूटरच्या डाव्या बाजूचे झाकण उघडले, आत पाहिले आणि म्हणाले, "गाडी रबराच्या पट्ट्यावर चालते होय? किती दिवस टिकणार हे?" आत्या म्हणाली, "दादा, बटण दाबलं की सुरू होते. मला तेवढं पुरे."

विद्यार्थी मित्रहो, एकाच वाहनाविषयीची ही दोन मते. मी आज महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, आणि मला वाटते, दोघेही त्या एका पट्ट्याविषयीच बोलत होते. तो पट्टा काय करतो हे पाहण्याआधी तो आपल्याकडे आला कसा, ते सांगतो.

सोइचिरो होंडा यांचा जन्म १९०६ साली जपानमधील हामामात्सूजवळच्या एका खेड्यात झाला. वडील लोहार. टोकियोच्या एका मोटार दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी करून सोइचिरो कारागीर झाले, आणि पुढे त्यांनी पिस्टन रिंग तयार करण्याचे मनात घेतले. पिस्टनच्या भोवती बसणारी ही धातूची कडी दिसायला क्षुल्लक, पण ती लवचिक हवी आणि टणकही हवी. होंडांच्या कड्या काही केल्या जमेनात. शेवटी त्यांनी हामामात्सूच्या तांत्रिक विद्यालयात जाऊन विचारले, तेव्हा त्यांच्या धातूत सिलिकॉन कमी पडते आहे असे कळले. सिलिकॉनचे त्या धातूत काय काम, हेच या कुशल कारागिराला ठाऊक नव्हते! संसारी माणूस, वय तिशीचे. तरी ते त्या विद्यालयात मुलांबरोबर बाकावर बसून धातुशास्त्र शिकू लागले. इतके करूनही टोयोटा कंपनीकडे निवडून पाठवलेल्या ५० कड्यांपैकी परीक्षेत उतरल्या फक्त ३. परीक्षेत नापास होण्याचे असे उदाहरण मी माझ्या वर्गात आवर्जून सांगतो.

महायुद्ध संपले तेव्हा जपानमध्ये पेट्रोलची टंचाई होती आणि आगगाड्या खच्चून भरत. सन १९४६ मध्ये होंडा यांना लष्कराच्या बिनतारी यंत्रांसोबतची लहान इंजिने मिळाली. ती त्यांनी सायकलींना जोडली. पत्नीला धान्य-भाजीसाठी दूरवर सायकल मारावी लागे, तिचे कष्ट वाचावेत हा त्यामागचा हेतू असल्याचे सांगतात. १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी स्थापन झाली. १९५८ च्या सुपर कब या गाडीत क्लच आपोआप लागे, त्यामुळे चालवणाऱ्याचा डावा हात मोकळा राही. एका हातात शेवयांच्या वाडग्यांची चळत धरून जाणाऱ्या हॉटेलच्या पोऱ्यालाही ती चालवता येई. २०१७ पर्यंत या मालिकेतील १० कोटी गाड्या तयार झाल्या. होंडाची पहिली चारचाकी वाहने १९६३ सालची. १९७० च्या दशकात अमेरिकेने मोटारींच्या धुरावर कडक निर्बंध घातले, तेव्हा मोठमोठ्या कंपन्या ते अशक्य म्हणत असता होंडाने सिव्हिक मोटारीच्या इंजिनात ज्वलनाची पद्धतच बदलून ते पाळून दाखवले. त्याची हकीकत स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आपल्याकडे फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना आणली होती. तिचा कारखाना अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. याच पुण्याच्या उद्योगाशी होंडाने १९८४ मध्ये भागीदारी केली. त्याच वर्षी होंडाची दुसरी भागीदारी मोटारसायकलींसाठी हिरो समूहाशी झाली. कायनेटिक होंडा स्कूटर मध्य प्रदेशातील पिथमपूरला तयार होई. तिचे इंजिन ९८ घन सेंटिमीटरचे, दोन धावांचे, म्हणजे टू-स्ट्रोक. बटणाने सुरू होणारी आणि गिअर नसलेली स्कूटर ही तेव्हा नवलाई होती. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या स्कूटरींची किक आणि पिरगाळायची मूठ इकडच्या लोकांच्या अंगवळणी पडलेली.

आता झाकण उघडू. गिअर हवाच कशाला? इंजिनाची गंमत अशी की, ते अगदी हळू फिरताना फारसा जोर देऊ शकत नाही. आणि उभी गाडी हलवायला तर सर्वांत अधिक जोर लागतो. म्हणून आरंभी इंजिनाचे अनेक फेरे आणि चाकाचे थोडे, असे प्रमाण हवे. वेग आल्यावर ते उलटे चालते. गिअरच्या गाडीत हे प्रमाण तीन-चार टप्प्यांनी बदलते. या स्कूटरमध्ये ते जिन्याऐवजी उतरणीसारखे सलग बदलते.

स्टीलच्या दोन बशा पाठीला पाठ लावून धरा. त्यांच्यामध्ये व्ही आकाराची खाच तयार होते. अशी एक कप्पी इंजिनाच्या दांड्यावर आणि दुसरी मागच्या चाकाकडे असते. दोन्हींच्या खाचांत एकच पट्टा बसवलेला असतो. बशा जवळ आणल्या की पट्टा खाचेतून बाहेरच्या कडेकडे ढकलला जातो, दूर नेल्या की आत सरकतो. म्हणजे तीच कप्पी कधी मोठी, तर कधी लहान होते! समजा, आरंभी पट्टा पुढे २ सेंमी त्रिज्येवर आणि मागे ५ सेंमी त्रिज्येवर आहे. पट्ट्याचा वेग दोन्हीकडे सारखाच, म्हणून इंजिनाचे ५ फेरे होतात तेव्हा मागच्या कप्पीचे २ होतात, आणि चाकाकडील पिळाचा जोर अडीच पट होतो. वेग आल्यावर पट्टा पुढे ४ आणि मागे ३ सेंमीवर गेला, तर इंजिनाच्या ३ फेऱ्यांत मागची कप्पी ४ वेळा फिरेल. (आकडे मी गणिताच्या सोयीसाठी घेतले आहेत.)

पण बशा जवळ आणतो कोण? पुढच्या कप्पीच्या मागे काही लहान गोल वजने, म्हणजे रोलर, उतरत्या खाचांत ठेवलेली असतात. इंजिन जोराने फिरू लागले की ती बाहेर फेकली जातात आणि सरकती बशी पुढे रेटतात. १० ग्रॅमचा एक रोलर मध्यापासून २ सेंमीवर आहे आणि मिनिटाला ३००० फेरे होत आहेत असे धरा. सूत्र तुम्हांला ठाऊक आहे: वस्तुमान गुणिले कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या. कोनीय वेग सेकंदाला सुमारे ३१४ रेडियन. बल येते सुमारे २० न्यूटन, म्हणजे रोलरच्या स्वतःच्या वजनाच्या २०० पट! फेरे दुप्पट केले की बल चौपट होते. पट्ट्याची लांबी ठरलेली असल्यामुळे तो पुढे बाहेर गेला की मागे आत ओढला जातो आणि मागच्या बशांना दाबून धरणारी स्प्रिंग मागे हटते. फेरे मंदावले की स्प्रिंग जिंकते. मागच्या दांड्यावरील क्लचही याच तत्त्वावर चालतो: फेरे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की त्याचे पॅड फाकून बाहेरच्या वाटीला धरतात. आत्याच्या डाव्या हाताने जे करायचे, ते ही वजने करत होती.

एखाद्या गिअरलेस स्कूटरच्या मागे बसाल तेव्हा कान देऊन ऐका. गाडीचा वेग वाढत असतो, पण इंजिनाचा सूर बराच वेळ जवळजवळ तोच राहतो. गिअरच्या गाडीचा सूर मात्र चढतो, पडतो, पुन्हा चढतो.

आता तक्रारी. गिअरलेस स्कूटर पेट्रोल जास्त पिते, असे तेव्हाचे बहुतेक चालक म्हणत. खरेच होते. दंतचक्रांच्या जोडीत ऊर्जेचा नाश अगदी थोडा होतो. रबरी पट्टा मात्र प्रत्येक फेऱ्यात वाकतो, सरळ होतो, किंचित घसरतो आणि तापतो. त्याला गार ठेवायला आत पंखा लागतो. ही उष्णता शेवटी पेट्रोलमधूनच आलेली. शिवाय टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर पडत असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि त्यातले थोडे न जळताच निसटते. पण 'अमुक इतके देते' असे सांगणारे निम्मे लोक टाकी पूर्ण न भरताच हिशेब करत. शाळेत असताना आत्याच्या स्कूटरची नोंदवही मी ठेवत असे: टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा टिपायचा, पुन्हा काठोकाठ भरताना किती पेट्रोल बसले ते पाहायचे. हॅरिस पुलावरच्या गर्दीतून पुण्यात जाण्याचा आठवडा आणि पिंपरीच्या सरळ रस्त्याचा आठवडा यांत ठळक फरक निघे. तुम्हीही घरच्या गाडीवर हा प्रयोग करा; शिक्षकांनी तो महिनाभर वर्गाकडून करून घ्यावा.

जोडचाकांची एक अडचण मात्र कोणी सांगत नसे. दुचाकी वळताना आपण आतल्या बाजूला झुकतो. चारही चाके जमिनीवर असली की झुकता येत नाही. वळणावर स्वार बाहेर फेकला जातोसा वाटतो. आत्या वळणाआधी वेग पार कमी करी आणि स्वतःच आत कलून बसे. भौतिकशास्त्र तिला कोणी शिकवले नव्हते.

वडिलांचे भाकीतही पूर्ण खोटे ठरले नाही. पट्टा हा झिजणारा भाग. तो वेळेवर बदलावाच लागतो. एकदा काटकसर म्हणून आम्ही कुठल्याशा दुकानातून स्वस्त पट्टा आणला. काही महिन्यांत फुगेवाडीजवळ तो तुटला. इंजिन चालू, फेरे भरपूर, आणि गाडी जागच्या जागी! वडिलांनी गाडी ढकलत दापोडीला आणली. वाटेत ते एकदाही "मी म्हणत होतो" असे म्हणाले नाहीत, हे आत्या पुढे अनेक वर्षे सांगत असे. त्यानंतर पट्टा बदलण्याची तारीख ते स्वतः भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहू लागले. दंतचक्रांना अशी तारीख लागत नाही. पण दंतचक्रे तिला पिंपरीला नेत नव्हती.

१९९८ मध्ये होंडाने आपला हिस्सा कायनेटिकला विकला. १९९९ मध्ये तिने भारतात स्वतःची स्वतंत्र दुचाकी कंपनी काढली आणि २००१ मध्ये ॲक्टिव्हा आणली. इंजिन फोर-स्ट्रोक झाले, पण पट्टा, बशा आणि रोलर तेच. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्रकडे गेला. २०२५ साली कायनेटिकने जुन्या डीएक्स या नावाने विजेवर चालणारी स्कूटर बाजारात आणली. विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासूनच पुरेसा जोर देते, त्यामुळे बशांच्या या खटाटोपाचे तिथे कारण उरत नाही. होंडाच्या सिटी मोटारीतील स्वयंचलित गिअरपेटीत मात्र दोन कप्प्यांची हीच युक्ती आहे. पट्टा तेवढा पोलादी, आणि तो ओढून नव्हे तर ढकलून जोर पोचवतो!

फुगेवाडीला तुटलेला पट्टा वडिलांनी टाकून दिला नाही. त्यांच्या हत्यारांच्या पेटीतून तो माझ्याकडे आला आणि दर वर्षी मी तो वर्गात फिरवतो. त्याच्या आतल्या बाजूस दाते आहेत. मुले हमखास म्हणतात, सर, हे दाते कप्पीत अडकत असतील. तसे नाही. कप्पी गुळगुळीत असते. पकड असते ती पट्ट्याच्या तिरप्या कडांची. दाते आहेत ते पट्ट्याला लहान वळणावर सहज वाकता यावे म्हणून.