न दिसणारी गळती

भल्या पहाटे चावी फिरवावी, इंजिन सुरू व्हावे, आणि ॲक्सिलरेटरला पायाचा स्पर्शही नसताना त्याचा आवाज क्षणात चढावा, क्षणात उतरावा, हा अनुभव वय झालेली डिझेल गाडी बाळगणाऱ्यांस नवा नाही. आणि १९९४ साली आलेली सुमो किंवा २००० साली आलेली बोलेरो यांच्या सुरुवातीच्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांवर आजही अनेक गावांची ये-जा अवलंबून असल्यामुळे या व्याधीचे निदान कसे करावे हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

निदानाचा आरंभ कानाने होतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत उभे असते तेव्हा सेकंदाला २५ स्फोट होतात. त्यांतला ठरावीक एकच चुकू लागला तर इंजिन लंगडते, थरथरते, आणि मिस्त्री म्हणतो, ‘मिसिंग करते’. परंतु आवाज झोपाळ्यासारखा सावकाश वर-खाली होत असेल, तर त्या विकारास ‘हंटिंग’ म्हणतात, आणि त्याचे मूळ बहुधा निराळे असते.

डिझेल पंपाच्या पोटात गतीचा एक नियामक असतो. त्याची फिरती वजने वेग वाढला की फाकतात व डिझेल कमी करतात, वेग घटला की मिटतात व डिझेल वाढवतात. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनास जोडलेली युक्ती तत्त्वतः हीच, आणि असे नियामक केव्हा स्थिर राहतात व केव्हा हेलकावे खातात याची गणिती मीमांसा मॅक्सवेलने १८६८ साली केली. नियामक झिजला तर हेलकावे येतात हे खरे. पण कित्येकदा त्याचा हुकूम बिनचूक असतो, मात्र डिझेलात हवेचे बुडबुडे असल्याने त्याची अंमलबजावणी होत नाही, कारण हवा दाबली जाते आणि नॉझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही.

आमच्या घरच्या गाडीचा पंप याच तक्रारीपायी उतरवून टेस्टिंगला पाठवला गेला, बराच खर्च झाला, आणि दोष जागच्या जागी राहिला. पुढे एका वयोवृद्ध मिस्त्रींनी टाकीकडून येणाऱ्या नळीत पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडला. इंजिन सुरू होताच त्या पिवळसर डिझेलातून मोहरीएवढे बुडबुडे रांगेने जाताना दिसले. रबरी नळी क्लिपखाली तडकली होती. जमिनीवर मात्र थेंबाचा डाग नव्हता, कारण टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते, आणि तिथली भेग चालत्या इंजिनात डिझेल बाहेर सोडण्याऐवजी हवा आत घेते. नळी बदलली, तांब्याचे वायसर नवे घातले, फिल्टरवरचा बोल्ट सैल करून फेसाळ धार अखंड होईपर्यंत हातपंप मारला, आणि इंजिनाची लय परतली.

म्हणून क्रम पाळावा: प्रथम फिल्टर व त्यात साचलेले पाणी, मग नळ्या व जोड, आणि हे सारे निर्दोष ठरल्यावरच पंप. ‘मिसिंग’ असेल तर जाणता मिस्त्री नॉझलकडे जाणारा एकेक नट किंचित सैल करून पाहतो. ज्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच निकामी असतो. हे काम नवख्याने करू नये, कारण त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. पण नळीतले बुडबुडे पाहणे प्रत्येक मालकास शक्य आहे. पंपाला हात लावू देण्यापूर्वी तेवढे पाहिलेच पाहिजे, असे मी अंतःकरणापासून सांगतो.