अपुऱ्या खेळाचें मोल

ज्या घरांत संगणक आला, त्या घरांत संगणकावरचे खेळहि आले. आणि खेळांपाठोपाठ त्यांच्या खर्चाचा प्रश्नहि आला. नेकनूरसारख्या गांवींहि हल्लीं एखादा नातू आजोबांपाशीं अद्याप पुऱ्या न झालेल्या खेळासाठीं पैसे मागतो. वस्तु उद्यां आणि दाम मात्र आज, हें ऐकून वडीलधारी मंडळी 'बाजारांत तुरी' ही म्हण उच्चारून मोकळी होतात. परंतु प्रश्न इतका सोपा नाहीं. म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या खेळांची ओळख करून घेऊं. १९८० च्या सुमारास अमेरिकेंत मायकेल टॉय व ग्लेन विकमन या विद्यार्थ्यांनीं 'रोग' नांवाचा खेळ रचिला. हा शब्द आमचा व्याधिवाचक नव्हे. इंग्रजींत त्याचा अर्थ लफंगा असा आहे. या खेळांत भुयाराची रचना दर डावास नवी होते, आणि आपला वीर एकदां पडला म्हणजे पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. त्या धर्तीच्या खेळांस 'रोगलाइक' म्हणतात. पुष्कळदां दोनचार माणसांच्या स्वतंत्र मंडळ्याच ते तयार करितात. 'स्टीम' या विक्रीपेठेनें २०१३ पासून अपुरा खेळ विकून तो पुढें पुरा करण्याची मुभा कर्त्यांस दिली आहे.

आगाऊ पैसा घेऊन काम तडीस नेणें आम्हांस नवें नाहीं. डॉ. केतकरांचा २३ विभागांचा ज्ञानकोश लोकांकडून आधीं भांडवल जमवूनच उभा राहिला. आमराईचा सौदा मोहोरावर होतो. घेणारा गारपिटीचा धोका पत्करतो, म्हणून त्यास भाव उतरून मिळतो. आमच्या बीड जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो, आणि ती फिटेपर्यंत बिचारा बांधलेला असतो. खेळाच्या कर्त्यावर मात्र असें बंधन नाहीं. ती पेठ स्वतःच ग्राहकास बजावते कीं, आहे त्या स्थितींत खेळ रुचत नसेल तर थांबावें. 'स्पेसबेस डीएफ-९' हा निराळ्या जातीचा खेळ २०१३ सालीं असाच विक्रीस आला आणि २०१४ मध्यें, योजिलेले पुष्कळ भाग गाळून, कर्त्यांनीं तो आटोपता घेतला.

म्हणून आमचें मत असें कीं, वचनाची किंमत शून्य धरावी आणि आज जें हातीं येतें त्याचेंच मोल द्यावें. या कसोटीस रोगलाइक खेळ इतरांहून बरे उतरतात. कादंबरीचीं शेवटचीं शंभर पानें नसतील तर ती घेऊन काय करावयाचें ? परंतु सारीपाटाच्या एका सोंगटीवर रंग चढावयाचा राहिला म्हणून डाव अडत नाहीं. रोगलाइकचा प्रत्येक डाव आपल्यापुरता पुरा असतो. 'हेडीज' या खेळाच्या कथेचा शेवट २०२० पर्यंत आला नव्हता, तरी तोंवर लोक तो आवडीनें खेळतच होते.

आतां भावाकडे पाहूं. 'स्ले द स्पायर' हा खेळ २०१७ सालीं अपुरा असतां सुमारें १६ डॉलरांस मिळे. २०१९ मध्यें पुरा झाल्यावर त्याचे २५ झाले. 'हेडीज' २० चा २५ झाला, आणि 'व्हँपायर सर्व्हायव्हर्स' ३ चा ५. आधीं घेणाऱ्यास मिळणारी ही सवलत कर्त्याची कृपा नव्हे. तो खेळांतील दोष शोधून कळवितो, कच्च्या रचनेंत आपल्या नवलाईचा भर खर्च करितो. त्याची ती मजुरीच होय. जो कर्ता अपुऱ्या मालासहि पुऱ्याचाच भाव लावितो, तो आमच्या मतें अन्याय करितो.

परंतु दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. दिलेल्या रकमेंतून पेठच सुमारें ३० टक्के ठेवून घेते. उरल्या पैशांवर चार माणसांनीं दोनदोन वर्षें काढावयाचीं असतात. शिंप्याची शिलाई आम्ही निमूटपणें देतों, आणि खेळाची प्रत मात्र चोरून उतरविण्यांत आमच्या मुलांस कांहींच गैर वाटत नाहीं. शंभर वेळां मांडतां येईल अशा डावास दिलेले रास्त पैसे उधळपट्टी नव्हेत.

घरांतील मुलांस आमचें सांगणें एवढेंच. खेळांत शेवटची सुधारणा केव्हां झाली तें आधीं पाहावें. दोन तासांहून कमी खेळून चौदा दिवसांच्या आंत परत केल्यास स्टीम पैसे परत देते. तेवढ्या अवधींत खेळ मनास येतो कीं नाहीं तें ठरवावें. शंका राहिल्यास तो पुरा होईपर्यंत थांबावें. चार डॉलर अधिक पडले तरी घेतलेला माल पक्का असेल. इतका विवेक तरुणांनीं दाखविल्यावर वडिलांनींहि म्हणीचा आश्रय सोडून सढळ हातानें पैसे द्यावेत, आणि जमल्यास एखादा डाव शेजारीं बसून पाहावा.