विहिरीची खोली आणि प्रकाशाचा दोर

गेल्या उन्हाळ्यात बिलोली तालुक्यातील आमच्या शेतावर गारा पडल्या. सौर पंपाच्या एका पॅनेलची काच तडकली. काकांना पंपाची काळजी होतीच, पण त्यांनी मला विचारले ते वेगळेच. "तू कालेजात शिकतोस. ह्या काचंच्या खाली काही विष-बिष तर नाही ना रे बाबा? पावसाचं पाणी खाली हिरीत जातंय."

मी कला शाखेचा विद्यार्थी. माझा विषय मराठी. उत्तर ठाऊक नव्हते म्हणून विज्ञानाच्या एका सरांना गाठले, पुस्तके चाळली. जे समजले ते मित्रांपुढे ठेवतो.

आपल्या शेतांवरची पॅनेले सिलिकॉनची असतात. त्यांतील बहुतेकांत तारांच्या डाखापुरते थोडे शिसे असते, पण प्रकाश शोषणारा मुख्य पदार्थ बिनविषारी आहे. खरा प्रश्न उद्याच्या पॅनेलांचा आहे. पेरोव्हस्काइट हे मूळ १८३९ साली उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचे नाव. तशीच अणुरचना असलेल्या पदार्थांच्या सबंध कुळाला आता तेच नाव आहे. २००९ साली जपानमध्ये अशा पदार्थाचा सौरघट प्रथम तयार झाला, तेव्हा त्याची कार्यक्षमता जेमतेम ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेत ती २५ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. सिलिकॉनचा थर केसाहून जाड लागतो. ह्याचा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थर पुरतो. मात्र त्यात शिसे असते, आणि हा पदार्थ पाण्यात विरघळतो. चौरस मीटरला ते एक ग्रॅमच्याही आत भरते हे खरे, पण गारांनी फुटलेल्या काचेखाली विहीर असेल तर तेवढ्यावर समाधान कसे मानावे?

मग शिसे काढून टाकले तर? इथेच अडचण आहे, आणि ती समजण्यासाठी विहिरीचाच दृष्टान्त घेऊ.

अर्धवाहकात इलेक्ट्रॉन खाली बांधलेले असतात. ते सुटून वर आले तरच वीज मिळते. खालची जागा आणि वरची जागा यांमधील ऊर्जेच्या अंतराला बँड गॅप म्हणतात. ही झाली विहिरीची खोली. ती इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात मोजतात. प्रकाशाचा प्रत्येक कण म्हणजे पोहऱ्याचा दोर. निळ्या प्रकाशाचा दोर लांब, तांबड्याचा आखूड. विहीर फार खोल असेल तर निळाच दोर पाण्याला पोहोचतो, बाकीचा प्रकाश फुकट जातो. फार उथळ असेल तर सगळेच दोर पोहोचतात, पण उरलेला दोर वाया जातो, म्हणजे त्या ऊर्जेची नुसती उष्णता होते. एकट्या घटासाठी १.१ ते १.४ ही खोली उत्तम. सिलिकॉनची १.१ आहे, शिसेयुक्त पेरोव्हस्काइटची साधारण १.६.

शिशाच्या जागी कथील घातले तर खोली १.३ च्या आसपास येते. हे छानच, कथिलाचे घट १५ टक्क्यांच्या पुढेही गेले आहेत. पण कथिलाला हवा लागली की ते बिघडते. दुसरी युक्ती अशी : दोन शिशांच्या जागी एक चांदी आणि एक बिस्मथ बसवायचे. विद्युतभाराचा हिशेब जुळतो, पदार्थ हवेत टिकतो. पण सीझियम व ब्रोमिन यांच्यासह बनलेल्या या स्फटिकाची खोली सुमारे २ भरते. तांबडा प्रकाश हातचा जातो.

पुढची गोष्ट मला सर्वांत आवडली. २०२० साली स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच स्फटिक जास्त तापमानाला वाढवला. घटक तेच, प्रमाण तेच. तरी खोली १.९८ वरून १.७२ वर आली आणि स्फटिकाचा रंग गडद झाला. चांदी आणि बिस्मथ एकाआड एक शिस्तीने बसलेले असतात. ती शिस्त उष्णतेने थोडी मोडली असावी, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. आपल्याकडे गुऱ्हाळात एकाच रसाचा गूळ आचेप्रमाणे पिवळा किंवा काळसर होतो, त्याची आठवण झाली. कारणे निराळी, पण धडा एकच : पदार्थ कशाचा आहे एवढ्यावर भागत नाही, तो कसा घडवला हेही पाहावे लागते.

पवईच्या आय. आय. टी.तील, २०१० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय केंद्रात सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर चढवून दुहेरी घट करण्याचे संशोधन चालते. अशा घटात वरच्या थराची खोली १.७ च्या जवळपास हवी असते. तेव्हा १.७२ हा आकडा आशादायक आहे. पण घाई नको. या स्फटिकात इलेक्ट्रॉन वर यायला प्रकाशाच्या जोडीला अणूंच्या कंपनाचीही मदत लागते, म्हणून शोषण मंद होते. २०२२ साली त्यात हायड्रोजन शिरवून खोली १.६४ पर्यंत आणली, तरी कार्यक्षमता ६.३७ टक्केच झाली. शिशाची बरोबरी अजून दूर आहे.

काकांना मी सांगितले, "आपल्या पॅनेलात फारसं भ्यायचं कारण नाही. पण उद्या नवं पॅनेल विकायला कोणी आलं, तर हाच प्रश्न त्याला विचारा."

काका म्हणाले, "विचारीन की. हीर माझी आहे."